वजनाच्या इंजेक्शनसोबत खपणाऱ्या वस्तू: बँड घ्या, पावडर मोजून घ्या, कोलॅजन राहू द्या

मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टर्झेपटाइड) आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड) ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. पाठोपाठ केमिस्टच्या काउंटरवर, जिमच्या रिसेप्शनवर आणि ऑनलाइन दुकानांत एक नवीच टोपली दिसायला लागली: व्हे पावडर (दुधाच्या निवळीचं प्रोटीन), कोलॅजनचे सॅशे, व्यायामाचे रंगीत रबरी बँड, ब्लूटूथचा वजनकाटा. सगळ्यांवर आश्वासन एकच, वजन उतरेल पण मसल राहील. यातलं कामाचं काय आणि नुसतं चकचकीत काय, ते लेबलं वाचून आणि हिशेब मांडून इथे सांगतो आहोत. निकाल आधीच देऊन टाकतो: पहिला पैसा बँडवर, दुसरा प्रोटीनवर (तोही शक्यतो डब्यावर नको, बाजारहाटात घाला), बाकीचं बहुतेक दुकानातच राहू द्या.

भीती अगदीच खोटी नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. त्या चाचणीतल्या १४० जणांचं डेक्सा स्कॅनही (चरबी आणि बाकीचं वजन वेगवेगळं मोजणारा एक्स-रे) झालं होतं. त्यात सेमाग्लुटाइडवाल्यांच्या उतरलेल्या वजनापैकी साधारण ४० टक्के वजन चरबीचं नव्हतं, ‘लीन मास’चं होतं. टर्झेपटाइडच्या सरमाउंट-१ चाचणीत हाच वाटा सुमारे पाव निघाला. आता लीन मास म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. त्यात पाणी येतं, यकृत येतं, स्नायूंत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन येतं, आणि जड शरीर पेलण्यासाठी वाढलेले स्नायू वजन उतरल्यावर थोडे कमी होणारच. म्हणून घाबरून औषध सोडायचं कारण नाही. पण आपल्या लोकांच्या गाठीला स्नायू मुळातच कमी असतात. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काटा दोघांना सारखंच सांगतो आणि आतला मामला वेगळाच, हे त्या एका फोटोनं दाखवलं. अशा अंगकाठीच्या माणसाला स्नायू गमावणं परवडत नाही, पन्नाशी ओलांडलेल्याला तर अजिबात नाही.

व्हे पावडर

निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२० चं प्रमाण आहे. वजन झपाट्यानं उतरत असताना तेवढ्यावर भागत नाही. तेव्हा किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरतात. किलो कुठले धरायचे यात लोक चुकतात. आजचं ९८ किलो धरू नका, जिथे पोचायचं आहे ते ७० धरा. म्हणजे दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात या जेवणात १२-१५ ग्रॅम निघतात. आणि इंजेक्शननं भूक मेली की तेही ताट अर्ध्यावर येतं. पावडरीची जागा नेमकी इथे आहे: पोट नको म्हणत असताना घोटभर पाण्यातून २४ ग्रॅम आत जातात. याहून जास्त श्रेय तिला देऊ नये.

डबा घेताना पुढची बाजू बघूच नका, मागची वाचा. एका स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन यांचा भागाकार करा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम असेल तर ७३ टक्के, चांगलं. ४० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २० असेल तर अर्ध्या डब्यापोटी तुम्ही कोको, माल्टोडेक्स्ट्रिन (स्वस्त पिष्टाची पूड) आणि घट्टपणासाठी घातलेल्या डिंकाचे पैसे देताय. दुसरी तपासणी ल्युसिनची. स्नायू बांधायचा निरोप देणारं अमिनो आम्ल ते हेच, आणि अस्सल व्हेमध्ये ते प्रोटीनच्या १० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे २४ ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या जवळपास. लेबलवर दीडच ग्रॅम लिहिलं असेल, किंवा घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन अशी नावं सुटी दिसली, तर सावध व्हा. प्रयोगशाळेत प्रोटीन सहसा नायट्रोजन मोजून काढतात. स्वस्त ग्लायसिन घातलं की नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो, स्नायूला काही मिळत नाही. ल्युसिनचा आकडाच न छापणारा डबा आमच्या मते सरळ बाजूला ठेवावा.

कॉन्सन्ट्रेट (साधी व्हे) की आयसोलेट (जास्त गाळून शुद्ध केलेली)? जिम करणाऱ्या तरुणासाठी हा वाद निरर्थक, इंजेक्शनवाल्यासाठी थोडा कामाचा. कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज असतं. एक कप दुधापेक्षा ते फारच कमी आहे, पण या औषधांनी पोट हळू रिकामं होतं आणि एरवी चालून जाणारा गॅस तासन् तास छळतो. आधी मात्रा अर्धी करून बघा. तरी पोट फुगत असेल तर आयसोलेटचे जादा पैसे द्या. व्हे म्हणजे परदेशी माल असं समजायचंही कारण नाही. पराग मिल्क फूड्सचं ‘अवतार’ आंबेगाव तालुक्यातल्या मंचरला, चीज करताना निघणाऱ्या निवळीतूनच बनतं. ताज्या निवळीची जाहिरात जोरात असते. ताजेपणानं चवीत फरक पडत असेल, स्नायूला त्याचं सोयरसुतक नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते कालवण्यात. यूट्यूबवरचा केळं, दूध आणि पीनट बटर घातलेला दाट शेक या औषधांवर उलटीला निमंत्रण आहे: घट्ट, गोड, स्निग्ध आणि मोठा, पोट सोडायला तयार नसणारं सगळं एका ग्लासात. करायचं ते असं. शेकरमध्ये आधी १५०-२०० मिली थंड पाणी, मग पावडर. उलट केलं तर तळाला खडे चिकटतात. वीस सेकंद हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. फेस बसू दिला नाही तर पावडरीबरोबर हवाही पोटात जाते आणि करपट ढेकर सुरू होतात. मग अर्ध्या तासात घोट घोट. इंजेक्शनच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पूर्ण स्कूप एकदम नको, अर्धा सकाळी, अर्धा चारच्या सुमारास. डोस वाढवला त्या आठवड्यातही हेच. रात्री उशिरा घेऊन आडवं झालं की छातीत जळजळ ठरलेली.

चवीचं म्हणाल तर चॉकलेट आणि व्हॅनिलातला सुक्रॅलोजचा कृत्रिम गोडवा मळमळत्या तोंडाला सहन होत नाही. अशांनी बिनचवीची पावडर घ्यावी आणि पातळ ताकात घालावी. भाजलेलं जिरं, चिमूटभर सैंधव, किसलेलं आलं. व्हे आपलं निवळीचंच असल्यानं ताकात ते परकं लागत नाही, आणि खारट-आंबट चव मळमळीत चालून जाते. आमटीत घालायचं असेल तर गॅस बंद करून, वाटीत काढून, जरा निवल्यावर; उकळत्यात टाकली की पावडरीच्या गुठळ्या होतात. थालिपिठाच्या भाजणीत मूठभर घातली तर थालिपीठ चिवट होतं, एखादा चमचा पुरे.

भाव: किलोचा डबा २,४०० रुपयांना आणि त्यात ७५ टक्के प्रोटीन धरलं, तर ग्रॅमला ३ रुपये २० पैसे पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तयार पाकिटं आणि स्वयंपाकघर

अमूलचं हाय प्रोटीन ताक, २०० मिलीत १५ ग्रॅम. या सगळ्या टोपलीत इंजेक्शनच्या आठवड्यासाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही. पातळ, खारट, थंडगार, पुन्हा कालवायची भानगड नाही. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवता येतं. रक्तदाबवाल्यांनी तेवढं मिठाचं प्रमाण पाकिटावर वाचून घ्यावं.

केमिस्टकडे मिळणारे ‘आजारपणानंतरची ताकद’ छापाचे डबे मात्र या कामाचे नाहीत. त्यातल्या पुष्कळांत १०० ग्रॅमला ३०-३५ ग्रॅमच प्रोटीन असतं, बाकी साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन. वीस ग्रॅम प्रोटीनसाठी साठ ग्रॅम पावडर ढवळत बसणार कोण?

आता घरचं. सोया चंक्स १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम, आणि किलोला दीडशे रुपये धरले तर ग्रॅम प्रोटीनला तीस पैशांच्या आत. व्हेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दोनदा घट्ट पिळा (पहिल्या पिळण्यात उग्र वास निघून जातो), मग मिक्सरला जाडसर फिरवून खिमा करा. एका वेळी सुके ३० ग्रॅमच घ्या. भिजून ते तिप्पट होतात आणि या औषधांवर जागा मर्यादित असते. अंडं सात रुपयांचं धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत, आणि उकडलेलं अंडं बहुतेकांना मळमळीतही जातं, फक्त गरम नको, वासानं पोट ढवळतं. पनीर १०० ग्रॅमला १८-२०, पण चरबीही तेवढीच, त्यामुळे डोसच्या दिवशी जड. बांगडा, सुरमई, चिकन ज्यांना चालतं त्यांचं गणित सोपं आहे: तळहाताएवढा तुकडा म्हणजे २०-२५ ग्रॅम. तळलेला मात्र नको, रवा लावून तर नकोच.

चक्का हा आपल्याकडचा विसरलेला पर्याय. दही रात्रभर टांगून सकाळी त्यात मीठ, मिरपूड, काकडी. साखर-वेलदोड्याकडे हात जाऊ देऊ नका.

आणि शेंगदाणे. ‘मी रोज मूठभर दाणे खातो, प्रोटीन होतं’ हे वाक्य फार ऐकू येतं. दाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन खरं, पण जवळपास ५० ग्रॅम तेलही. मूठभरातून सातेक ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं. चटणी म्हणून झकास, प्रोटीन म्हणून नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांचा ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं तो आकडा) कमी आहे त्यांनी, वरचा सगळा हिशेब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लागू करू नये.

रेझिस्टन्स बँड

प्रोटीन म्हणजे विटा. गवंडी कामाला नसेल तर विटा ढिगानं पडून राहतात. गवंड्याचं काम वजन उचलण्याचा, ओढण्याचा ताण करतो. रोज दहा हजार पावलं चालणं हृदयाला, साखरेला छान. स्नायू टिकवण्यासाठी ते अपुरं आहे, कारण चालताना मांडीला जेवढा भार पडतो त्याची तिला आयुष्यभराची सवय असते. म्हणून टोपलीतली सगळ्यात मोलाची वस्तू हजारभर रुपयांत येणारा बँडचा संच.

तीन प्रकार मिळतात. गुडघ्याभोवती घालायचे छोटे कापडी लूप: नितंबाच्या एक-दोन व्यायामांपलीकडे उपयोग नाही. मूठ लावलेल्या रबरी नळ्या: वयस्कांना, सांधे दुखणाऱ्यांना पकड सोपी जाते. आणि ४१ इंची लांब सपाट लूप: सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात जास्त व्यायाम याच्यावर होतात. घ्यायचाच तर हा, हलका, मध्यम आणि जड असा तिघांचा संच. रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा लाल दुसरीच्या काळ्याइतका जड असू शकतो. रुंदी आणि पाकिटावर लिहिलेले किलो बघा.

दाराचा अँकर संचात असतो आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. ज्या बाजूला उभं राहून दार ढकलून उघडावं लागतं त्या बाजूला उभे राहा, म्हणजे तुम्ही बँड ओढाल तसं दार चौकटीत घट्ट बसत जाईल. उलट बाजूला उभे राहिलात तर सगळा भार कडीवर, आणि कडी सुटली की दार आणि बँड दोन्ही तोंडावर. अँकर बिजागरीच्या बाजूला लावा, दाराला आतून कडी घाला, आणि घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

बँडच्या रबराला, म्हणजे लॅटेक्सला, ऊन आणि तेल दोन्ही चालत नाही. खिडकीत टांगून ठेवला की काही महिन्यांत बारीक चिरा पडतात. वापरण्याआधी बँड ताणून उजेडात बघायची सवय ठेवा, चीर दिसली की फेका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो स्वतःलाच चिकटतो, त्यावर थोडी टाल्कम पावडर पुरते. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर टीपीईचे, म्हणजे लॅटेक्स नसलेले, बँड मिळतात.

आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा, पाऊण तास. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं (सोपं झालं की छातीशी पाच किलोची कणकेची पिशवी). बँडवर उभं राहून कमरेतून वाकून सरळ होणं. दाराच्या अँकरमधून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं. पाठीमागून बँड घेऊन पुढे ढकलणं. डोक्यावर ढकलणं. पायरीच्या कडेवर टाचा उचलणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, सेटला ८ ते १२ वेळा. थांबायचं कधी? अजून दोनदा जमेल, तिसऱ्यांदा नाही, असं वाटेल तेव्हा. गप्पा मारत वीस-पंचवीस वेळा होत असेल तर बँड बदलायची वेळ झाली. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं: हलका बँड सवयीचा होतो आणि सहा महिने तोच चालतो. दुसरी खोट बँडचीच आहे. सुरुवातीला तो ढिला असतो आणि शेवटी घट्ट, त्यामुळे मांडीसारख्या मोठ्या स्नायूला पूर्ण वाटेत भार मिळत नाही. पायांना पिशवी, पाण्याचा कॅन, जिना असं खरं वजन द्यावंच लागतं.

डोसच्या दुसऱ्या दिवशी मळमळ असेल तर व्यायाम त्या दिवशी ठेवू नका, इंजेक्शनच्या आदल्या एक-दोन दिवसांत ठेवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी सुरू करू नये, साखर खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील आणि उठता-बसता भोवळ येत असेल तर आधी डॉक्टरांना गाठा. वजन उतरल्यावर त्या गोळ्यांचा डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो.

ब्लूटूथचा काटा

वजनासाठी ठीक. ‘मसल मास’ म्हणून ॲपमध्ये जो आकडा येतो त्यावर रात्रीची झोप घालवू नका. काटा एका पायातून सूक्ष्म वीज सोडून दुसऱ्या पायातून घेतो आणि विरोधावरून अंदाज बांधतो. म्हणजे मोजतो तो मुख्यतः पायांतलं पाणी. धड, हात हा सगळा सूत्राचा खेळ. उलट्या झाल्या, पाणी कमी गेलं, की ॲप सांगणार स्नायू घटले, चरबी वाढली. पहिल्या काही आठवड्यांत तर ग्लायकोजन आणि त्याच्यासोबतचं पाणी उतरतंच, तेव्हाचा आकडा बघून घाबरलेले लोक पावडरीचा दुसरा डबा मागवतात. वापरायचाच तर सकाळी शौचानंतर, काही न खाता-पिता, त्याच फरशीवर, आणि चार-चार आठवड्यांच्या फरकानं बघा. नेमका आकडा हवा असेल तर डेक्सा, पण केंद्रावर ‘होल बॉडी कॉम्पोझिशन’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हाडांच्या घनतेचा रिपोर्ट हातात पडतो.

त्यापेक्षा फुकटची कसोटी चांगली. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, कुणालातरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. आशियाई सार्कोपेनिया (स्नायूंची झीज) गटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता कमी समजतात. पोटरीचा घेर टेपनं मोजा: पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली आला तर लक्ष द्यायची वेळ. मुठीची ताकद मोजायचा डायनॅमोमीटर कुणाकडे असेल तर पुरुषांना २८ किलो, बायकांना १८ किलो ही खालची रेघ. वजन उतरतंय आणि हे आकडे जागच्या जागी आहेत, तर ॲप काहीही म्हणो. आकडे घसरतायत आणि वजन महिनोन् महिने आठवड्याला एक टक्क्याहून जास्त वेगानं उतरतंय, तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

उरलेलं

कोलॅजन: त्यात ट्रिप्टोफॅन नाहीच, ल्युसिन जेमतेम. केस-त्वचेचं काय ते वेगळं, स्नायूसाठी हे प्रोटीन मोजूच नका, पाकिटावर १० ग्रॅम लिहिलं असलं तरी. बीसीएए (ल्युसिन धरून तीन अमिनो आम्लांचं मिश्रण): व्हे, अंडी, डाळी पोटात जात असतील तर त्यात ते आहेच, वेगळे पैसे कशाला.

क्रिएटिन मोनोहायड्रेट (जोराच्या कामात स्नायूंना ऊर्जा पुरवायला मदत करणारं द्रव्य) ही या उरलेल्यांतली एकच पावडर जिच्यावर पैसे घालायला हरकत नाही, तेही बँड नेमानं चालू असेल तरच. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, लोडिंगची (सुरुवातीला जास्त मात्रा घेण्याची) गरज नाही. साधं मोनोहायड्रेट घ्या, महागड्या नावांचे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत. काट्यावर किलोभर वजन वाढलेलं दिसेल. ते स्नायूंत धरलेलं पाणी, घाबरून इंजेक्शनचा डोस वाढवून मागू नका. रक्तातलं क्रिएटिनिनही थोडं वर दिसतं, मूत्रपिंड ठणठणीत असतानासुद्धा. त्यामुळे पुढच्या तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचं सांगा. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घेता येतं, त्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.